आधी आत्याबद्दल विचारा

गेल्या महिन्यात चौतीस वर्षांची एक शिक्षिका जाडजूड रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आली. जनुकीय चाचणीसाठी थुंकीचा नमुना तिनेच परस्पर पाठवला होता. रिपोर्टातल्या ‘निगेटिव्ह’ या शब्दाभोवती हिरव्या पेनाने गोल केला होता. घरात कुणाला कॅन्सर? “आईकडे कुणालाच नाही.” आणि वडिलांकडे? “थोरली आत्या पोटात पाणी होऊन गेली, पन्नाशीही नव्हती. धाकटीचं छातीचं ऑपरेशन झालंय, ती सांगलीला असते.”

‘पोटात पाणी होऊन गेली’ हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि बहुतेकदा पुढच्या प्रश्नाकडे वळलो आहोत. त्यामागे अंडाशयाचा कॅन्सर असू शकतो. अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेले बीआरसीए-१ हे जनुक १९९४मध्ये सापडले, बीआरसीए-२ पुढच्या वर्षी. यांतला दोष बापाकडूनही तितकाच येतो, प्रत्येक अपत्यात निम्म्या शक्यतेने. तरी स्तनाचा कॅन्सर म्हटले की आपण आई आणि मावशीपाशीच थांबतो.

या बाईंचा हिरवा गोल म्हणूनच फसवा आहे. तपासणी आधी सांगलीच्या आत्याची व्हायला हवी होती. तिच्यात दोष सापडला आणि भाचीत तोच नसला, तरच भाचीला निर्धास्त करता येते. आत्याची तपासणीच झाली नसेल, तर घरातला दोष या चाचणीला सापडणारा आहे की नाही, हेच ठाऊक नाही.

उलट बाजूही आहे. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेला बदल रिपोर्टात आला की घरचे घाबरतात, आणि क्वचित सर्जनही. त्या शेऱ्यावर कुणाचे अंडाशय काढायचे नसतात. निश्चित दोषाची गोष्ट वेगळी: बीआरसीए-१मध्ये ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे ७२ टक्के, अंडाशयाचा ४४. तिथे पंचविशीपासून एमआरआय, आणि मुले झाल्यावर पस्तीस ते चाळिशीच्या दरम्यान अंडाशय व नलिका काढणे, हे स्पष्ट बोलावे लागते. रक्त घेण्याआधीच. उत्तर आल्यावर काय करणार, हे ठरलेले नसेल तर चाचणी थांबू शकते. नको म्हणण्याचा हक्कही पेशंटचाच.

“धाकटीचं लग्न ठरेपर्यंत कुणाला कळायला नको,” हे वाक्यही ऐकू येतेच. त्याला हसू नये. विम्यातल्या ‘जनुकीय आजार’ या सरसकट अपवादाला दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये भेदभाव ठरवले खरे. स्थळे पाहणारे मामा काही न्यायालयात जात नाहीत. रिपोर्ट कुणाला दाखवायचा, हेही आधीच बोलून घ्यावे.

हे सगळे बोलायला जनुकीय समुपदेशक प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही. केसपेपरची मागची बाजू मात्र प्रत्येकाकडे कोरीच असते. तिथे तीन पिढ्या काढा, कोण कोणत्या वयात कशाने गेले ते लिहा. सुरुवात आत्यांपासून करा.