मणका मोडला म्हणून माणूस मोडीत?

नारळाच्या झाडावरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडून श्रमिकाचा मणका मोडतो, आतील मज्जारज्जूला इजा होते आणि मानेखालचे किंवा कमरेखालचे शरीर निश्चल होते. भारतात या इजेच्या कारणांमध्ये उंचावरून पडणे हे एक प्रमुख कारण आहे. जखम भरली की रुग्णाची घरी रवानगी होते आणि ‘आता काही होणे नाही’ हा निकालही त्याच्यासोबत घरी जातो. हा निकाल निसर्गाचा आहे की समाजाच्या सोयीचा, हा खरा प्रश्न आहे.

मज्जारज्जू म्हणजे मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत नेणारी वाट. वाट तुटली तरी हुकूम देणारे केंद्र नष्ट होत नाही. झुरिक येथील संशोधकांनी मानेच्या इजेने हात लुळे पडलेल्या १४ व्यक्तींना बोटे हलविण्याचा प्रयत्न करावयास सांगून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. २०२१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, इजेला अनेक वर्षे लोटल्यावरही प्रत्येक बोटाचा नकाशा मेंदूत शिल्लक असतो. मात्र काळ जाईल तसा तो पुसट होत जातो.

जपानमधील प्रयोग याच्याही पुढे जातात. मेंदूकडून थेट येणारे तंतू मानेच्या भागात तोडलेल्या माकडांनी सरावाने काही आठवड्यांत बोटांची चिमूट पुन्हा साधली. २००७ साली असे दिसून आले की, सुरुवातीच्या काळात मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतील हालचालींची केंद्रे हा भार उचलतात. पुढे मूळ बाजूचे केंद्र आपला विस्तार वाढविते आणि शेजारची क्षेत्रेही मदतीस येतात. २०१५ च्या प्रयोगात तर प्रेरणेशी संबंधित असलेले मेंदूच्या खोल भागातील एक केंद्र तात्पुरते बंद करताच, सुधारणेच्या आरंभकाळात परत आलेली हालचाल खालावली. तात्पर्य, उमेद ही केवळ मनाची गोष्ट नव्हे. ती बरे होण्याच्या यंत्रणेचाच भाग आहे. २०१३ सालच्या अभ्यासात सराव एक महिना उशिरा सुरू केलेल्या माकडांची सुधारणा, लगेच सराव मिळालेल्या माकडांच्या तुलनेत अपुरी राहिली.

यावरून कोणी चमत्काराची आशा दाखवू नये. मज्जारज्जू पूर्णपणे तुटला असेल तर केवळ जिद्दीने पाय चालू लागत नाहीत. मेंदूतील फेरबदल नेहमी हितकारकच असतात असेही नाही. काही रुग्णांत ते चिवट वेदनांशी निगडित आढळले आहेत. परंतु जेथे थोडे तंतू शाबूत असतात, तेथे त्या थोड्यांतूनही पुष्कळ काही उभे करता येते. लोझान येथे २०२३ साली मेंदूतील संकेत इजेच्या खालच्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचविणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने एक डच गृहस्थ चालू लागले. सरावानंतर उपकरण बंद असतानाही ते कुबड्यांच्या आधाराने चालू शकत होते.

आता या ज्ञानाशेजारी आपला हिशेब मांडून पाहावा. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपंगत्वाचे मोजमाप ‘कमाईच्या क्षमतेतील घट’ या टक्केवारीत केले आणि त्यावरून एकरकमी भरपाई ठरविली. तीच रीत पुढील कायद्यांतही चालत आली. भरपाई आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु हे गणित माणसाचे खाते एका दिवशी बंद करते. मेंदू मात्र ते खाते पुढे कित्येक महिने उघडे ठेवतो. ते महिने रुग्ण खाटेवर पाठीला जखमा होत घालवतो, की व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, हे त्याच्या मज्जारज्जूवर नव्हे तर त्याच्या खिशावर ठरते.

श्रीमंताच्या मेंदूची लवचिकता आणि वेठबिगाराच्या मेंदूची लवचिकता यांत निसर्गाने भेद केलेला नाही. म्हणूनच पुनर्वसन हे दयेचे दान नसून उपचाराचाच अविभाज्य भाग होय. जिल्हा रुग्णालयात पहिल्या आठवड्यांपासून व्यायामोपचार, घरी परतल्यावरही तो चालू ठेवण्याची सोय आणि त्या काळात कुटुंबाच्या चुलीची हमी, एवढी मागणी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागात लावून धरावी. महागडी उपकरणे यावयाची तेव्हा येतील. परंतु तोवर मेंदूतील नकाशा पुसला जाऊ देणे, हा त्या श्रमिकावर झालेला दुसरा अपघात ठरेल, आणि त्याची जबाबदारी झाडावर किंवा परांचीवर टाकता येणार नाही.