‘मराठीत बघण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांनो, आधी तुमचा मोबाईल दाखवा



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. काही जणांना राग येईल. येऊ दे. पंचाहत्तरीला आलोय, आता कुणाच्या शिफारशीवर माझं प्रमोशन अडलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या खानापुरात एका लग्नाला गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर आम्ही सहा-सात पेन्शनर मंडपाच्या कडेला खुर्च्या ओढून बसलो. विषय नेहमीचाच, नातवंडांचं मराठी. एकाचा नातू बेंगळुरात, एकाची नात पुण्यात, माझी दोन्ही हैदराबादला. सगळ्यांचं एकच रडगाणं, पोरं मराठी बोलत नाहीत. का बोलत नाहीत? तर एक शाळामास्तर म्हणाले, "अहो साहेब, पोरांनी बघावं असं मराठीत काही नाहीच की हो. सगळं हिंदी नाहीतर इंग्लिश."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "सगळ्यांनी मोबाईल काढा आणि यूट्यूबची हिस्ट्री उघडा. आपण स्वतः काय बघतो ते तरी कळू दे."

छत्तीस वर्षं बँकेत काढली. माणूस तोंडाने काय सांगतो ते ऐकायचं, पण पासबुक बघून ठरवायचं, ही आमची सवय. ही हिस्ट्री म्हणजे वेळेचं पासबुक. त्यात काय निघालं? हिंदी बातम्यांमधली आरडाओरड. सात दिवसांत मधुमेह घालवणारे पाणी. राशिभविष्य. आणि न संपणारे रील्स. मराठी व्हिडिओ सात जणांत मिळून चार, तेही लग्नाच्या शालूचे. माझ्या हिस्ट्रीत तर एकही नाही! आणि हा गृहस्थ १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला न चुकता जातो, १ नोव्हेंबरला काळी फीत लावतो.

म्हणून आज स्पष्ट लिहितो. मराठीत बघण्यासारखं भरपूर आहे. आपण बघत नाही, आणि दोष मात्र मराठीला देतो.

त्या दिवसापासून महिनाभर मी रोज दुपारी तासभर मराठी व्हिडिओ हुडकून बघतोय. त्यातले माझे आवडते खाली देतो. यांतल्या काहींना लाखो लोक बघतात, तरी मी त्यांना दुर्लक्षित म्हणतो. बाहेर त्यांचं कितीही नाव असो, तुमच्या-माझ्या घरात त्यांचं खातं शून्य आहे, म्हणून.

१) कोकणी रानमाणूस. सिंधुदुर्गातला प्रसाद गावडे हा तरुण जंगल, देवराया, पाणवठे, जुनी घरं आणि रानमेवा दाखवतो. नुसतं निसर्गसौंदर्य दाखवून थांबत नाही, डोंगर खाणींना विकला तर खालच्या गावाचं पाणी कुठून येणार, हेही विचारतो. त्याचं बघताना मला सारखं आपलं कणकुंबी आठवलं. सह्याद्री तोच, फक्त आपण घाटाच्या वरच्या अंगाला. मलप्रभा आपल्या कणकुंबीत उगम पावते, म्हादई आपल्याच तालुक्यात. भीमगड अभयारण्य २०११ पासून आहे, तिथल्या बारापेडे गुहांत जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं वटवाघूळ राहतं. यातलं किती आपल्या नातवंडांना ठाऊक आहे? आणि खरं सांगा, आपल्याला तरी?

२) रेड सॉइल स्टोरीज. शिरीष आणि पूजा गवस हे जोडपं मुंबई सोडून दोडामार्ग तालुक्यातल्या गावी परतलं. लाल मातीतलं घर, परसातली भाजी, चुलीवरचा स्वयंपाक. बोलणं फार कमी. कुणी ओरडत नाही, कुणी ‘सबस्क्राइब करा’ म्हणून गळा धरत नाही. दोडामार्ग म्हणजे आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडचा भाग, लांब कुठं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये शिरीष अकाली गेले. मी त्यांचं काम पहिल्यांदा बघितलं ते त्यानंतर. शेजारच्या तालुक्यातला मुलगा एवढं करत होता आणि मला त्याची ओळख झाली ती तो गेल्यावर. माणूस गेल्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाइप करायला आपल्याला अर्धं मिनिट लागतं. तो असताना वीस मिनिटं मात्र नव्हती.

३) आपली आजी. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. नातवानं कॅमेरा धरला आणि आजींनी सत्तरीच्या घरात कॅमेऱ्यासमोर स्वयंपाक सुरू केला. ज्या बाईला इंटरनेट म्हणजे काय ठाऊक नव्हतं, तिनं आपल्या गावच्या बोलीत, कुणाची नक्कल न करता लाखो लोकांना मसाले शिकवले. याच्याकडे खाली परत येणार आहे, लक्षात ठेवा.

४) गावाकडच्या गोष्टी. कोरी पाटी प्रॉडक्शनची ही मालिका. गावातली साधी माणसं, रुसवेफुगवे, वर्गण्या, निवडणुका. टीव्हीवरच्या सासू-सुनेच्या दागिन्यांना कंटाळलेल्या घरांनी ही सगळ्यांनी मिळून बघावी.

५) थिंक बँक. नावात बँक आहे म्हणून उघडलं, पण कर्ज-ठेवीशी काही संबंध नाही! विनायक पाचलग यांनी सुरू केलेल्या या वाहिनीवर अभ्यासक, लेखक, अधिकारी यांच्या सविस्तर मुलाखती असतात. पाहुणा बोलत असताना त्याला कुणी तोडत नाही. रात्री नऊच्या आरडाओरडीची सवय झालेल्यांना सुरुवातीला चुकल्यासारखं होईल.

६) पारीवरच्या जात्यावरच्या ओव्या. पारी म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून लाखभर ओव्या जमवल्या, आता त्या पारीवर आहेत. अनेक ओव्यांचे व्हिडिओ आहेत, गाणाऱ्या बाईचं नाव-गाव सगळं नोंदलेलं. माझ्या मते इंटरनेटवरचा सगळ्यात मोठा मराठी ठेवा हाच, आणि सगळ्यात कमी उघडला जाणाराही हाच.

आता एक कानडी नाव सांगतो, काहींना ठसका लागेल. डॉ. ब्रो म्हणून गगन श्रीनिवास हा कन्नड तरुण जगभर हिंडतो आणि कुठल्याही देशात जाऊन कानडीतच बोलतो. आमच्या गल्लीतल्या कानडी घरांत आजोबा, सून, नातवंडं एकत्र बसून त्याला बघतात. मी पण बघितलं, कानडी मला येतं, नोकरीच त्यावर झाली. वाद सरकारांशी आहे, शेजाऱ्याच्या चांगल्या सवयीशी नाही. आपल्या भाषेतल्या पोराला आपण बघायचं असतं, हे त्या घरांना कुणी भाषण देऊन शिकवलेलं नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. आपली खरी अडचण वेगळी आहे. आपल्याला आपल्याच मराठीची लाज वाटते.

आपण इकडं "मी जेवण केलो" म्हणतो, "तू काय करुलास?" विचारतो. पुण्याचे पाहुणे हसतात. आपणही ओशाळं हसतो आणि पोराला म्हणतो, "नीट बोल, ‘मी जेवलो’ म्हण." पोरगं काय शिकतं? घरचं मराठी चुकीचं आहे, एवढंच. मग ते इंग्रजी बोलतं, तिथं निदान कुणी हसत नाही. आपणच त्याची वाट बंद केली आणि आता लग्नाच्या मंडपात बसून विचारतोय, पोरं मराठी का बोलत नाहीत!

सारोळा कासारच्या आजींनी आधी प्रमाण मराठीचा क्लास लावला असता तर लोकांनी त्यांना बघितलं असतं का? मालवणी ऐकून आपल्याला गोड वाटतं, वऱ्हाडी ऐकून मजा वाटते. मग खानापूरची बोली तेवढी दुरुस्त करायची कशाला?

इथं मला माझी चूक कबूल करायची आहे.

आमची आक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. शाळा दुसरीपर्यंत. पण रोप लावणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, गौरीची गाणी, कुठल्या पावसात कुठली रानभाजी उगवते, कौलाची माती कुठली चांगली, सगळं तोंडपाठ. आपल्या मातीची कौलं एकेकाळी कुठं कुठं जायची ते ती गोष्टीसारखं सांगायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिचा नातू घरी अडकला होता. त्यानं मला विचारलं, "आजोबा, आज्जीचे व्हिडिओ करून यूट्यूबवर घालू काय? तुम्ही जरा तिला सांगता काय?" मी काय म्हणालो असेन? "हे खुळे नाद सोड आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास कर. आणि तिचं ते गावठी बोलणं जगाला कशाला दाखवतोस?"

पोरानं ऐकलं. बँकेत लागला. गुणी पोरगा आहे. आक्का गेल्या श्रावणात गेली.

तिचा आवाज आज आमच्याकडं कुठं आहे? माझ्या मोबाईलवर तेवीस सेकंदांचा एक निरोप, "भात पाठवून दिलंय, पोती मोजून घे." बस्स. तो मी किती वेळा ऐकलाय ते सांगत नाही.

खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक ते निष्क्रिय करते. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. तरी तिथं सोय आहे, वारस कागदपत्रं घेऊन आला तर पैसे परत मिळतात. आक्काच्या ओव्यांवर मी कुठल्या काउंटरवर क्लेम लावू?

आता काही जण म्हणतील, "साहेब, सीमाप्रश्न कोर्टात आहे, तो सुटल्याशिवाय असल्या व्हिडिओंनी काय होणार?" महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात २००४ साली दाखल झाला. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज नोकरीला लागली. निकाल लागेल तेव्हा लागेल, आणि आपल्या बाजूनं लागावा असं मलाही वाटतं. पण कोर्ट जमिनीचा निकाल देईल. नातू आज्जीशी कुठल्या भाषेत बोलेल, याचा निकाल आपल्याच घरात रोज संध्याकाळी लागतोय.

दुसरे म्हणतील, "आम्ही बघून त्या पोरांना काय मिळणार?" हिशेब करू, बी.कॉम. कशाला झालो? यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळवायला साधारण १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं लागतं. आपल्या तालुक्यातली फक्त २५० घरं धरा. घरात चार फोन, झाले १,००० सबस्क्रायबर. प्रत्येक घरानं आठवड्याला वीस मिनिटं एक व्हिडिओ बघितला तर वर्षाला २,६०,००० मिनिटं, म्हणजे ४,३०० तासांवर. अडीचशे घरं! त्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त माणसं होती. एवढ्यात आपल्या तालुक्यातल्या एका पोराचं काम उभं राहू शकतं.

पण आपण काय करतो? कुणीतरी कापून काढलेला तुकडा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो. त्यात करणाऱ्याचं नाव नाही, त्याच्या खात्यात एक मिनिट जमा नाही. दुसऱ्याच्या ठेवीवर आपण वाहवा काढून घेतो. बँकेत असलं कुणी केलं असतं तर मी चौकशी लावली असती.

म्हणून चार कामं सांगतो. एक, तुकडा नको, मूळ व्हिडिओची लिंक पाठवा. दोन, रात्रीच्या जेवणानंतर आठवड्यातून एकदा टीव्हीवर वरच्यापैकी एक लावा, सगळे बसा, दूरच्या नातवंडांना तोच व्हिडिओ त्याच वेळी लावायला सांगा, मग फोनवर त्यावर बोला. मी तीन रविवार करतोय. धाकटी परवा विचारत होती, "आजोबा, देवराई म्हणजे काय?" हे मराठीत विचारलं, बरं का. तीन, पोरांचं बोलणं दुरुस्त करणं आजपासून बंद. "मी जेवण केलो" म्हणालं तर विचारा, "काय जेवलास?"

आणि चार, हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर आजच, उद्या नको, मोबाईल समोर धरा आणि विचारा. लावणीला काय गात होता? हलशीच्या जत्रेला कसे जात होता? यूट्यूबवर घाला नाहीतर घालू नका. पण आवाज ठेवा.

आक्काच्या नातवाला मी परवा फोन केला. म्हटलं, "बाळा, माझं चुकलं. येत्या सुट्टीत ये. आक्काच्या मैत्रिणी अजून दोघी आहेत गावात, त्यांना गाणी येतात. कॅमेरा मी घेऊन देतो." थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "येतो आजोबा."

आपल्या भागातलं कुणी चांगले मराठी व्हिडिओ करत असेल तर खाली कमेंटमध्ये नाव लिहा. मी प्रत्येक बघणार, पूर्ण बघणार. आणि ‘छान पोस्ट’ असं लिहून पुढं जाऊ नका. आज रात्री काय बघितलंत ते लिहा.

– एक निवृत्त बँक अधिकारी, खानापूर