काचेवरची बाराखडी

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती काचेची पाटी द्यायची आणि त्याला शिक्षण म्हणायचे, हे खूळ आपल्या शहरांतून माजले होतेच. आता ते तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोचले आहे. त्याच्याविरुद्ध चार शब्द लिहायचे मी ठरवले आहे. दिवाळी अंकात हे कडू कारले कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु फराळाच्या निमित्ताने आई, बाप, आजी, आजोबा एकाच वेळी एका ठिकाणी सापडतात, आणि बालवर्गाच्या पुढल्या प्रवेशाचे बेतही याच सुट्टीत शिजतात. भांडायला याहून चांगला मुहूर्त मला तरी दिसत नाही.

माझी लायकी आधीच सांगते. मी मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी पास. कादंबऱ्या लिहिते आणि बालवाडीत शिकवते. संगणकाचे शास्त्र मला कळत नाही. मोबाइल मात्र माझ्याजवळ आहे आणि त्याच्याशी माझे वैर नाही. त्याला बाई म्हणून वर्गात उभे करण्याची जी घाई चालली आहे, तिच्याशी आहे.

या यंत्राचे भाट सांगतात की, टॅबवर मूल आपले आपण शिकते. बोटाने ‘अ’ गिरवला की चांदण्या फुटतात, टाळ्या वाजतात, अस्वल नाचते. चुकले तर एक बेसूर आवाज येतो आणि पुन्हा संधी मिळते. बाईंचा ओरडा नाही, रडारड नाही, कपड्यांना चिखल नाही. आणि मुख्य म्हणजे मूल गप्प बसते. वीस मुलांचा असा गप्प वर्ग पाहून एका पालकसभेत एका गृहस्थांना अगदी गहिवरून आले होते. अहो, चार वर्षांची वीस मुले एकदम गप्प बसली, तर शहाण्या बाईने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहावा!

‘आपले आपण शिकणे’ हे शब्द या मंडळींनी जिथून उचलले, तिथे ते फार निराळ्या अर्थाने नांदत होते. मारिया माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत दट्ट्यांची पेटी असते : लाकडी ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत नेमके बसणारे दहा दट्टे. जाड दट्टा बारीक भोकात जात नाही. बारीक दट्टा मोठ्या भोकात पडतो खरा, पण मग शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि त्याला जागाच नसते. मूल थांबते, भुवया चढवते, सगळे दट्टे काढते आणि पुन्हा मांडू लागते. त्याची चूक त्याला लाकडाने सांगितली. शिवाय दट्ट्याची मूठ धरताना जी तीन बोटे जुळतात, तीच पुढे पेन्सिल धरतात.

आता हाच खेळ काचेवर पाहा. ठोकळा बोटाने भोकाजवळ ओढत नेला की उरलेले काम यंत्र करते; तो टचकन् जागेवर जाऊन बसतो. त्याला वजन नाही, तो पडत नाही, पायावर आपटत नाही. जगातल्या मऊ, खरखरीत, जड, ओल्या अशा सगळ्या वस्तू त्या काचेखाली एकाच स्पर्शाच्या होतात : गुळगुळीत. मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे. तक्त्यावरही ते तसेच असतात म्हणा. पण तक्ता भिंतीवर मुकाट टांगलेला असतो, त्याच्याकडे पाठ फिरवून मूल खऱ्या मुंगीमागे जाऊ शकते. काच त्याला सोडत नाही. आणि बक्षीस दर खेपेला हजर! मूल अक्षरासाठी गिरवते की चांदण्यांसाठी, हे कळायला मानसशास्त्र लागत नाही. चांदण्या बंद करून पाहाव्या.

तुमच्या अंगणातच बघा ना. या आठवड्यात कुठेतरी किल्ला उभा राहिला असेल. मुलांनी माती चाळली, दगड-विटा रचल्या, जुनी पोती चिखलाच्या राड्यात बुडवून डोंगर केला. पाणी जास्त झाले आणि बुरूज बसला; कमी झाले आणि तट तडकला. मोहरी पेरली, आणि हिरवे कोंब दिसेपर्यंत तासातासाला जाऊन पाहिले. मावळा मोठा आणि दरवाजा छोटा निघाला, तेव्हा प्रमाण म्हणजे काय ते कळले. सर्वांत धाकटे पोर, ज्याला कोणी खेळात घेत नव्हते, ते तांब्या तांब्या पाणी आणून शेवटी किल्लेदार झाले. यात गणित किती, शेती किती, राज्यकारभार किती, याचा हिशेब करा. आणि मग ज्यात जास्त पाण्याने बुरूज बसतो असे एखादे अ‍ॅप मला दाखवा.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर मोठ्यांचे ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलाने बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाकाठी एका तासाहून जास्त नसावा, कमी असेल तितके बरे. घरी जेवण भरवताना आणि पाहुणे आले असताना तो तास केव्हाच संपतो. शाळेने कोणत्या तासावर डोळा ठेवला आहे? अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे पॅट्रिशिया कूल या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणारे, खेळणारे जिवंत माणूस ज्यांना मिळाले, ती बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. ज्यांनी तेच दूरचित्रवाणीवर पाहिले, ती होती तशीच राहिली. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. बाळे आमच्या मुलांहून लहान होती, हे खरे. पण भाषा ही माणसाला पाहून माणसाला फुटते, हे आजीला ठाऊक असलेले सत्य त्यात आहेच. ज्या स्वीडनने बालशाळांतून डिजिटल साधने सक्तीची केली, त्याच देशाच्या सरकारने २०२३ साली ती सक्ती मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्यांनी टाकलेला सदरा आपण नवा म्हणून शिवायला टाकतो आहोत.

‘करोनात हेच यंत्र उपयोगी पडले ना?’ पडले. २०२० साली शाळांना कुलपे लागली, तेव्हा तो आपद्धर्म होता. पुरात पत्र्यावर चढून जीव वाचवला, म्हणून कोणी पत्र्यावर संसार मांडत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली बालवर्गांसाठी ‘जादुई पिटारा’ काढला. त्यात खेळणी, कोडी, गोष्टींची कार्डे आहेत. चांगली गोष्ट झाली. पुढच्याच वर्षी त्याचे मोबाइलमधले रूप आले. त्यातली गोष्ट बाईंच्या कानात शिरून बाईंच्या तोंडून बाहेर पडणार असेल, तर माझी हरकत नाही. मीही पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर ऐकून घेते आणि मग मुलांना घेऊन झाडाखाली जाते.

एक आक्षेप मात्र मला झोंबतो : श्रीमंतांच्या मुलांना टॅब मिळतो, मग गरिबाच्याच मुलाला का नको? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी ताराबाई मोडकांकडे जावे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले. आदिवासी मुले शाळेकडे येत ना, म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती. तिथे खडे, शिंपले, पाने, बिया आल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अंगणातला आहे. गरीब मुलाला तिथे मिळालेली गोष्ट होती त्याच्याकडे बघणारे मोठे माणूस, आणि ती अजूनही सर्वांत महाग आहे. मला धास्ती आहे ती उद्याची : पैसेवाले आपल्या मुलांसाठी वाळू, झाडे आणि बाई विकत घेतील, आणि गरिबाच्या मुलासमोर काच ठेवून ‘तुम्हीही आधुनिक झालात’ म्हणून पाठ थोपटतील.

आमच्या संस्थेच्या चालकांनी वर्गासाठी मोठा पडदा घ्यायचे ठरवले आहे. मदतनीस मावशींची जागा पुढल्या वर्षापासून भरायची नाही, हेही त्याच बैठकीत ठरले. दोन्ही ठराव एकाच पानावर आहेत. मावशी मुलांची नाके पुसतात, ओल्या चड्ड्या बदलतात, आणि डबा खाताना ‘आज भाजी कुठली रे? कोणी केली?’ असे विचारून प्रत्येकाला दोन-चार वाक्ये बोलायला लावतात. हे शेवटचे काम त्यांच्या पगारपत्रकात नाही. पडद्याला नाक पुसता येत नाही, एवढे तरी चालकांनी मान्य करावे.

दिवाळीनंतर संमतीचा कागद घरोघर येईल. मी सही केलेली नाही. आमच्या मुलांच्या आईबापांनी त्यावर एवढेच लिहावे : मावशी राहू द्या, आणि पडद्याच्या पैशांतून एक ट्रॉली वाळू आणा. वाळू धुतलेली हवी, आणि रात्री तिच्यावर घालायला ताडपत्रीही. नाहीतर गल्लीतली मांजरे तिचा भलताच उपयोग करतात.