कटआउट बसवण्याआधी गाडी खालून बघा

अंजनवेलच्या शेजारी धोपाव्याला दाभोळची फेरीबोट लागते. बोटीचा रॅम्प जेट्टीवर टेकतो तिथे कोन पडतो आणि भरती-ओहोटीप्रमाणे तो बदलत राहतो. ओहोटीला चढणाऱ्या बुटक्या गाडीचं पोट नेमकं तिथेच घासतं. सायलेन्सर टाळून धूर थेट बाहेर सोडणारा कटआउट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी पाइपाचा व्यास, रिमोट आणि आवाज यांवर तासभर बोलणं होतं. कटआउट पोटाखाली किती लोंबणार, हे मात्र फार थोडे मेकॅनिक आधी मोजतात. कोकणात गाडी आणणारी मंडळी दर मोसमात वाढताहेत, म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

कटआउट ही वस्तू नवी नाही. 20व्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक मोटारींना चालकाच्या पायाशी त्याचं पेडल असे. घाट चढताना ते दाबलं की धूर सायलेन्सर टाळून थेट बाहेर पडायचा आणि दमलेल्या इंजिनाला जरा मोकळीक मिळायची. आजची मोटर लावलेली फुलपाखरू झडप तेच काम करते. पण आजच्या इंजिनाचा सायलेन्सर तेव्हाच्यासारखा कोंडणारा राहिलेला नाही. टर्बो नसलेल्या गाडीत, मधला पाइप योग्य मापाचा असेल तर, कटआउट उघडून हाती लागतो तो मुख्यतः आवाज. टर्बो गाडीत फरक खरा पडतो, कारण टर्बाइनच्या मागचा दाब कमी झाला की ती लवकर फिरते. पोलो जीटी टीएसआय किंवा ऑक्टाव्हिया आरएसचा मालक आला तर त्याच्याशी या फायद्याबद्दल बोला. साध्या हॅचबॅकवाल्याला खरं काय ते सांगून त्याचे पैसे वाचवा.

मागचा दाब म्हणजे नुसता शत्रू, ही समजूतही सोडायला हवी. अंजनवेलच्या वीज प्रकल्पात गॅस टर्बाइनचा तप्त धूर सरळ चिमणीत सोडत नाहीत, आधी बॉयलरमधून नेतात. त्या अडथळ्यामुळे टर्बाइनची थोडी ताकद जाते, हे तिथल्या अभियंत्यांना पक्कं ठाऊक असतं. पण त्या धुरावर वाफ तयार होते आणि वाफेवर आणखी वीज. आपल्या गाडीत धुराच्या वाटेतला अडथळा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्याच्यामुळे विषारी वायू निवळतात, म्हणून त्याच्या आधी भोक पाडायचं नाही. यावर आमचं मत ठाम आहे.

कटआउटची जागा कॅट आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर यांच्या पुढे, शेपटाकडे; पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर त्याच्याही पुढे. सेन्सरच्या अलीकडे झडप जराशी जरी गळली तरी धुराच्या ठोक्यांमधल्या उलट्या ओढीने बाहेरची हवा आत येते. सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतं आणि चेक लाइट पेटतो. मग गिऱ्हाईक महिनाभर इंजेक्टर साफ करत बसतं. तोंड कुठे वळवायचं तेही आधी ठरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम 112 प्रमाणे धूर सरळ खाली किंवा गाडीच्या डाव्या बाजूला सोडायला मनाई आहे. बाजारातले बरेच वाय-पाइप नेमके खालीच तोंड करून येतात. सीटखाली सोडलेला धूर फरशीच्या रबरी बुचांतून आत शिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता झडप कोणती? इलेक्ट्रिक झडपेची मोटर आणि कनेक्टर खाऱ्या हवेत सगळ्यात आधी दगा देतात. जांभ्याचा लाल चिखल दांड्यावर वाळला की पाकळी अर्धवट उघडी अडकते. केबलची झडप दुरुस्तीला सोपी, पण गळतीचा प्रश्न तसाच राहतो. समुद्रकाठच्या गाडीला आम्ही बोल्टवर बसणारी साधी झाकणप्लेट सुचवू: तीन बोल्टचा फ्लँज, ग्राफाइटचं गॅस्केट, बोल्टांना तांब्याचं अँटी-सीझ. ट्रॅकवर पोचल्यावर पाना घेऊन दहा मिनिटांत उघडा, निघताना बंद करा. बंद म्हणजे खरोखर बंद, ही खात्री दुसऱ्या कोणत्याच प्रकारात इतकी मिळत नाही. पाइप 304 स्टेनलेसचा घ्या आणि टिग वेल्डिंग करताना आतूनही आरगॉन सोडा. आतून जळकं राहिलेलं वेल्ड किनाऱ्यावर लवकर गंज धरतं, मग पत्रा कितीही चांगला असो. वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

ट्रॅक हा शब्द मुद्दाम वापरला. कोइम्बतूरचा करी स्पीडवे किंवा लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीसारख्या ठिकाणी, आयोजकांच्या तपासणीतून गाडी पास झाली की, झाकण उघडायला जागा आहे. रस्त्यावर नाही. नव्या प्रवासी मोटारीला चालत्या आवाजाची मर्यादा 74 डेसिबलची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज-धुराच्या पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन तीन महिने जातं. विनापरवाना बदलाबद्दल कलम 182अ खाली मालकावर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. राज्यातल्या शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेला आपण पाहिला आहे. अंजनवेलच्या वाडीत दोन्ही बाजूंना गडगे आणि मध्ये एका गाडीपुरता रस्ता. तिथे उघड्या पाइपाचा आवाज भिंतींवर आपटून ओटीवर झोपलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचतो. दंडाची भीती घालण्यापेक्षा हे चित्र गिऱ्हाइकासमोर ठेवा.

रोजच्या वापराच्या गाडीला कटआउट मागितला तर काम नाकारा आणि चांगला परफॉर्मन्स सायलेन्सर सुचवा, तोही आवाजाच्या मर्यादेत बसणारा. शर्यतीच्या गाडीचं काम घेतलंत तर जॉबकार्डवर ‘फक्त ट्रॅकसाठी, रस्त्यावर झाकण बंद’ असं लिहून सही घ्या. गाडी लिफ्टवरून उतरवल्यावर पोटाखालचं अंतर चालक आत बसलेला असताना पट्टीने मोजा आणि तो आकडाही त्याच कार्डावर टाका. गाडी किनाऱ्याला जाणार असेल तर पहिल्या खेपेनंतर बोल्ट आवळायला परत बोलवा.