मुक्काम करा की, मंडळी!

सेमिस्टरचा शेवटचा पेपर दिला की ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो? 'कुठं जायचं?' कुणीतरी गगनबावडा म्हणतं. पहाटे सहाला बाईक काढायच्या ठरतात आणि सगळे साडेसातला निघतात. करूळ घाटात फोटो, गगनगडावर फोटो, मोरजाईच्या पठारावर एक रील, वाटेत मिसळ आणि संध्याकाळी घरी. अंग दुखतंय, फोनची गॅलरी भरलीये, पण दिवसभरात एकमेकांशी धड बोलणंच झालेलं नाही.

तुमचंही असंच होतं ना? आमचं तीन वर्षं असंच झालं. या दिवाळीनंतर मात्र आम्ही पाच जणांनी एकच बदल केला. गेलो आणि दोन रात्री राहिलो.

कोल्हापूरच्या सीबीएसवरून एसटी पकडली. कळे, साळवण, असळज करत साधारण पंचावन्न किलोमीटर. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत पोहोचलो. तलावाजवळच्या वाडीत एका घरी राहायची सोय होती. प्लॅन काहीच नव्हता. सकाळी पाण्यावरचं धुकं विरेपर्यंत चहा, दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, मग काठावर नुसतं बसायचं. मोबाइलला रेंज फक्त अंगणातल्या एका कोपऱ्यात यायची. पहिले काही तास आम्ही पाचही जण त्याच कोपऱ्यात! मग कंटाळा आला. खरं सांगते, भयानक कंटाळा. पण त्या कंटाळ्यातूनच गप्पा सुरू झाल्या.

रात्री एक मित्र एकदम म्हणाला, "माझे दोन विषय राहिलेत. घरी अजून सांगितलं नाही." वर्षभर आम्ही एका वर्गात बसत होतो. त्याच्या प्रत्येक स्टोरीला हार्ट देत होतो. तरी आम्हाला पत्ता नव्हता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "कुठले विषय?" आणि त्यातल्या एकाच्या नोट्स तिच्याकडे निघाल्या. सकाळी तो आपणहून त्या रेंजच्या कोपऱ्यात गेला आणि त्यानं घरी फोन लावला. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये हे निघालं असतं का? मला नाही वाटत. पुढच्या 'पॉइंट'ला पोहोचायची घाई असली की असलं कुणी बोलत नाही.

फिनलंडमध्ये सुट्टीसाठीची साधी घरं पाच लाखांच्या वर आहेत, त्यातली कित्येक तळ्याकाठी. त्यांना 'मोक्की' म्हणतात. अनेक घरांत नळाचं पाणीही नसतं. तरी लोक तिथं जातात ते पाहायला नाही, राहायला. आपल्याकडे सह्याद्रीत तळी आहेत, रानं आहेत, आपण फक्त राहत नाही.

मुक्काम केला की अजून एक गोष्ट बदलते. एका दिवसापुरते आपण गर्दी असतो, राहिलो की पाहुणे होतो. आमच्यातल्या दोघांना तलावात पोहायचं होतं. घरातले काका म्हणाले, "उतरू नगा पोरांनो. कडेला उथळ दिसतंय, आत गाळ हाय." ते ऐकलं, कारण रात्री त्यांच्याच चुलीवरची भाकरी खाणार होतो. बाईकवरून आलेल्या टोळक्याला हे कोण सांगणार? आणि सांगितलं तर ते ऐकणार का? धरणाचं पाणी म्हणजे स्विमिंग टँक नव्हे. पाय कधी निसटेल सांगता येत नाही, आणि वाचवायला तिथं कुणी बसलेलं नसतं.

शिवाय ते पाणी कुणाचं? अणदूर, कोदे, वेसरफ हे तलाव आणि लखमापूरचं २.७१ टीएमसीचं कुंभी धरण यांवर खालची शेती उभी आहे. कुंभीचं पाणी पुढे पंचगंगेत जातं. म्हणजे तिथं काठावर फेकलेली बाटली आपल्याच नदीच्या वाटेवर असते. बावड्याची जहागीर ज्यांच्या घराण्याकडे होती, त्या रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्रा'त बजावून ठेवलंय, की रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली झाडं जबरदस्तीनं तोडू नयेत. तिथं स्पीकर लावताना आणि रात्री शेकोटीसाठी फांद्या मोडताना एवढं आठवलं तरी पुरे. रात्री पाण्यावर येणारा गवा आपल्या प्लेलिस्टची वाट बघत नसतो.

आता जूनमध्ये आमच्यातली एक नोकरीला पुण्याला जाईल, एक एमपीएससीसाठी खोली घेईल. पुन्हा पाचही जणांची सुट्टी जुळेल का, माहीत नाही. तुमच्या ग्रुपचंही तेच होणार आहे. म्हणून सांगते, ग्रुपवर पुढच्या वेळी 'कुठं जायचं?' आलं, तर ठिकाणाआधी एवढं विचारा, 'किती रात्री राहायचं?' घरी परवानगी काढावी लागेल, थोडे पैसे साठवावे लागतील. साठवा. आणि गेल्यावर कंटाळा आला तर घाबरू नका, थोडं थांबा.