चाळीसगावला गाडी बदला

परवा माझा पुण्याचा भाचा चार दिवसांसाठी आला आणि आल्या आल्या तिथल्या मेट्रोचे गोडवे गाऊ लागला. जिल्हा न्यायालय स्थानकात म्हणे खाली भुयारातून पिंपरी-स्वारगेटची गाडी धावते, वर पुलावरून वनाज-रामवाडीची. "मावशी, सरकत्या जिन्यावर नुसतं उभं राहायचं, की दुसरी गाडी समोर! कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही."

हे शेवटचे वाक्य त्याने कौतुकाने म्हटले. मला मात्र आमचे चाळीसगाव आठवले.

आम्ही धुळेकर जन्मजात गाडी बदलणारे. मुंबई-भुसावळचा मोठा रस्ता आम्हांला बगल देऊन गेला आणि १९०० साली चाळीसगावाहून धुळ्याला एक फाटा तेवढा मिळाला. अंतर ५६ किलोमीटरच्या आसपास. वाटेत जामदा, राजमाने, शिरूड, बोरविहीर. मुंबईला जायचे, चाळीसगावला उतरा. भुसावळला जायचे, चाळीसगावला उतरा. मेलला उशीर झाला की वळकटीवर बसून शेजारणीशी गप्पा मारा. "गाडी उनी का वं?" एवढ्या अहिराणी प्रश्नावर सुरू झालेली ओळख लग्न जमवण्यापर्यंत गेलेली मी पाहिली आहे.

स्टेशनाजवळच कलावंत छायाचित्रकार केकी मूस यांचे घर. मुंबईची एक मैत्रीण पंजाब मेलने येईल म्हणून ते रोज रात्री मेज मांडून वाट पाहत, असे गावात सांगतात. ३१ डिसेंबर १९८९ ला ते वारले. ते घर आता संग्रहालय म्हणून जपले आहे. खरेखोटे देव जाणे. पण वाट पाहण्याची ही गोष्ट जंक्शनाच्याच गावात रुजावी, यात नवल नाही.

आमच्याही घरची एक गोष्ट त्या फलाटावर आहे.

माझी आत्या जळगावला दिलेली. आजोबा गेल्यावर शेताच्या हक्कसोडीचा कागद बाबांनी तिच्यापुढे ठेवला. तिने सही केली नाही. त्यावर बाबा बोलू नये ते बोलले, तीही बोलली, आणि येणे-जाणे तुटले. पण भाऊबीज कशी तुटायची? आईने आणि आत्याच्या यजमानांनी पत्रापत्री करून तोड काढली : दोघांनी चाळीसगावला भेटावे. पारोळा-एरंडोलवरून थेट एस.टी. होती, पण एस.टी.ने गेले तर कुणाला तरी कुणाच्या तरी दारात जावे लागले असते! तेव्हा आम्ही धुळ्याहून जायचो, आत्या जळगावाहून यायची. बाकावर रुमाल अंथरून फराळाच्या डब्यांची अदलाबदल व्हायची. वाऱ्याने निरांजन विझणे हा अपशकुन, म्हणून आत्या ते लावीतच नसे. सुपारी आणि अंगठी यांवरच बाबांना ओवाळी. बाबा तबकात नोट टाकीत आणि जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजू लागत. चार वर्षे हे चालले.

१९९५ साली बाबा तापाने अंथरुणाला खिळले. घरी फोन नव्हता. आईचा पाय निघेना आणि मला एकटीला कोण पाठवणार? दिवसभर बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. "आता ती परतली असेल," एवढेच दुपारी म्हणाले.

दिवेलागणीला टांगा दारात थांबला. आत्या उतरली. दुपारपर्यंत बाकावर बसून तिने धुळ्याची एक गाडी येऊ दिली, जाऊ दिली, आणि दुसरीत ती स्वतः चढली. उंबऱ्याशी क्षणभर थबकली. आतून बाबांचा आवाज आला, "ये."

त्या संध्याकाळी निरांजन लागले. तो कागद पुढे कुणीच कधी काढला नाही; सातबाऱ्यावर दोघांची नावे राहिली ती राहिलीच.

आता बाबा नाहीत. २०२१ च्या डिसेंबरपासून फाट्यावर मेमू धावते. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी, आणि मार्ग धुळ्यावरून. म्हणजे तो झाला की मुंबईला जायला चाळीसगावची पायरी चढायलाच नको. आमच्या महाविद्यालयात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले, खोटे कशाला सांगू?

ही बातमी मी आत्याला फोनवर सांगितली. ऐंशीच्या घरातली ती. ऐकू कमी येते. तिने निराळेच विचारले, "भाऊबीजेला कितीची गाडी आहे?" आतेभाऊ मोटारीने दोन-अडीच तासांत आणून सोडतो म्हणत होता, पण ती ऐकेना. गाडीनेच येणार आणि त्यालाही घेऊन येणार. मला भाऊ ओवाळायचा आहे ना! मी चाळीसगावपर्यंत पुढे जाऊन त्यांना घ्यायचे, थर्मासमध्ये चहा न्यायचा, साखर बेताची. आणि बाक सावलीतला धरायचा, हे तिने दोनदा बजावले आहे.