१६ चौकोनांतला माणूस
पिक्सेल आर्ट, म्हणजे छोट्या चौकोनांनी चित्र काढणं, शिकणाऱ्याचा हात झाडं, दगड, घरं यांवर लवकर बसतो. माणूस काढायची वेळ आली की अडखळतो. फांदी एक चौकोन सरकली तरी झाड झाडच राहतं, पण १६ चौकोन उंचीच्या माणसात एक चौकोन चुकला की खांदा निखळतो, मान नाहीशी होते. अशा वेळी १९८१च्या ‘डाँकी काँग’ या व्हिडिओ गेममधला मारिओ नीट पाहावा. तो रेखाटणाऱ्या शिगेरू मियामोतो यांच्या हाती होते १६ बाय १६ चौकोन आणि मोजून ३ रंग. तोंडाला जागा नव्हती, म्हणून मोठं नाक आणि मिशी आली; केस काढणं अवघड, म्हणून टोपी; धावताना हात धडापासून वेगळे दिसावेत, म्हणून दोन रंगांचा पोशाख. १९८९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमसाठी जॉर्डन मेकनर यांनी धाकट्या भावाच्या धावण्याचं, उड्यांचं चित्रीकरण करून त्यावरून एकेक हालचाल उतरवली. दोघांकडून शिकायचं ते हेच: आधी निरीक्षण, मग निवड. म्हणून नवशिक्यानं बोटं, डोळे, कपड्यांच्या चुण्या बाजूला ठेवून एकाच रंगात आकृती भरावी. ती चालते आहे की ओझं उचलते आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळलं, की मगच दुसऱ्या रंगाला हात घालावा.